विट्याच्या पुढं, साताऱ्याच्या अलीकडं

माझ्या आईला कुठं पुरलं आहे, हे चौसष्ट वर्षांची होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारं एकच माणूस जिवंत होतं, ते म्हणजे माझे वडील, आबा. त्यांना कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "विट्याच्या पुढं, साताऱ्याच्या अलीकडं." तेवढ्या टप्प्यात तीन तालुके येतात. रस्त्याच्या कडेला एक दगड उभा केलाय म्हणे. तेवढ्या वाटेला दगड किती असतील, ते ज्याचं त्यानं मोजावं.

आम्ही जतच्या बाजूचे, मेंढरंवाले. आबांच्या वाट्याला मेंढरं आली नाहीत, घोंगडी आली. घरचे विणायचे आणि आबा सायकलच्या कॅरेजवर गठ्ठा बांधून गावोगाव विकायचे. आई त्या गठ्ठ्यावर बसायची. ती नुसती बसायला नव्हती. परका बाप्या दारात आला तर घरातल्या बाया बाहेर येत नसत; आईनं हाक मारली की यायच्या. शिवाय तिचं माहेर माण-खटावकडचं. तो मुलूख तिच्या पायाखालचा. आबांना पाटी वाचता येत नव्हती, अजूनही येत नाही. फाटा आला की ती मागून सांगायची, डावीकडं, उजवीकडं, थांबा. मी दीड वर्षाची असताना मला आत्तीजवळ ठेवून दोघं गेले आणि आबा एकटे परत आले. ती तापानं गेली. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. कुणा शेतकऱ्यानं बांधाला जागा दिली.

त्यानंतर दर साली दिवाळी सरली की आबा सायकल काढून जायचे. आठ-दहा दिवसांनी यायचे. मला कधी नेलं नाही. मी चौथी शिकले, लग्न होऊन मिरजेला गेले, नवरा लवकर गेला, मग तीस वर्षं एका दवाखान्यात मावशीचं काम केलं. घर ते दवाखाना सायकलनं. मयताला पुसणं, गुंडाळणं, गाडीपर्यंत पोचवणं माझ्याकडं असायचं. मेलेल्या माणसाची मला भीती नाही. मेलेलं माणूस काही मागत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील म्हातारी भित्री आहे.

काम सुटल्यावर मी गावी आबांजवळ येऊन राहिले. आधी टाळेबंदी आली, मग आबांचा एक मोतीबिंदू, मग दुसरा. पाच वर्षं त्यांचं जाणं झालं नाही. एकदा पाण्याचा टँकर घेऊन येणारा ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला की साताऱ्याकडचा रस्ता ओळखू येत नाही, चौपदरी केलाय, कडेची झाडं गेली, बांध गेले. मी ते आबांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "औंदा जाऊया. तूबी चल. सायकल हाय की तुझी."

मी म्हटलं, जीप करू. एका दिवसात जाऊन येऊ.

"जीपनं सापडायचं न्हाई," आबा म्हणाले.

का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आबा पंच्याऐंशीचे. सांगलीला माझी लेक असते, तिनं फोनवर चांगलं फैलावर घेतलं. दोघं रस्त्यात मेलात तर कोण उचलणार, म्हणाली. मी म्हटलं, त्या रस्त्यावर आपल्या घरची जागा आहे, ती कुठं एवढंच बघून यायचंय. तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत केला आणि आबांना मिरजेला तपासायला घेऊन यायला सांगितलं. डॉक्टरनं पट्टा बांधून बीपी बघितलं, छाती ऐकली आणि माझंच बीपी जास्त काढलं.

दिवाळीला तीन महिने होते. रोज पहाटे तांबडं फुटलं की आम्ही निघायचो. आधी फाट्यापर्यंत, मग पुढच्या गावापर्यंत, मग जतपर्यंत जाऊन माघारी. दिवसाला तीस किलोमीटर जमलं की झालं, असं ठरवलं. मुक्काम देवळात किंवा ओळखीच्यांकडं. मी कडक भाकरी वाळवून बघितल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, पंप आणि पंक्चरचं सामान घेतलं. आबांनी एक घोंगडं काढून उन्हात टाकलं. दुसरं काही नको म्हणाले.

गावाची हद्द संपते तिथं एक बंद पडलेली पाणपोई आहे. पहिल्या दिवशी आबा तिथं थांबले. डावा पाय टेकला, सायकल जराशी कलती केली आणि समोर बघत उभे राहिले. मला वाटलं दम घेतात. दम घ्यायला अजून काही झालंच नव्हतं. मग ते पायडलवर उभे राहिले आणि सगळा जोर लावून सायकल हलवली. सपाट रस्ता, कॅरेज मोकळं. जोंधळ्याचं पोतं लादल्यावर सायकल जशी निघते तशी ती निघाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी विचारलं, "आबा, थांबता कशाला?"

"पयल्यापासनं थांबतो."

मग मला आत्तीचं बोलणं आठवलं. तेव्हाच्या सुनांना गावातून नवऱ्याच्या मागं सायकलवर बसायची सोय नव्हती. डोक्यावर पदर घेऊन गावाबाहेर चालत जायचं, हद्द ओलांडली की बसायचं. येतानाही हद्दीला उतरून घरापर्यंत चालायचं. आई पाणपोईपाशी बसायची. मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्याची सवय. बैलसुद्धा रोजच्या ठिकाणी आपला थांबतो. येताना आबा त्याच जागी पुन्हा पाय टेकायचे, आणि तिथून घरापर्यंत सायकल हलकी चालवत यायचे, तेही मी बघितलं. त्यालाही सवय म्हटलं.

दोन महिन्यांत आबांच्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. टायर पार गेला. जतच्या बाजारात सायकलचं दुकान आहे, तिथला दुकानदार चाक फिरवत म्हणाला, "आबा, ह्या वयात कुणाला डबलसीट नेतासा?"

आबा हसले. "हाय एक."

मागचा टायर पुढच्याच्या आधी झिजतो, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाही माहीत आहे. पण आबांचं वजन पंचेचाळीस किलो. तेवढ्या माणसाखाली दोन महिन्यांत तारा तुटत नाहीत.

मी एकदा त्यांची सायकल मागून घेतली. माझ्या सायकलचा ब्रेक घासतो असं खोटं सांगितलं. पाणपोईपर्यंत सरळ गेले. तिथं थांबायचं नाही असं ठरवलं होतं, पण आबा मागून म्हणाले, थांब. मी पाय टेकला. वारा नव्हता. शेजारच्या बाभळीवर रोज कालवा करणारी साळुंक्यांची टोळी गप्प होती. कॅरेजचं लोखंड एकदा कुरकुरलं आणि हँडल माझ्या हातात वर उचललं गेलं, मागं ओझं बसलं की उचलतं तसं. मी पायडल मारलं तर मांड्या भरून आल्या. फाट्यापर्यंत मी ते ओढत नेलं. उतरून चाक उचलून फिरवलं. मोकळं फिरलं. ब्रेक कुठंही लागत नव्हता.

आबा शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं ते विचारतील, जड गेली का. त्यांनी विचारलं, "काय बोलली का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आपली सायकल घेतली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढं कबूल करते. पण आजवर जे झालं ते दवाखान्यात बघितलेल्या गोष्टींपेक्षा वाईट नव्हतं. मी तयारीला लागले.

तयारीतच चूक झाली, आणि ती मी केली. लेकीला आमची दया आली असावी. तिनं एसटीनं एक पार्सल पाठवलं. सायकलच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन बॅगा, पाणी न शिरणाऱ्या, आणि त्या अडकवायचं हलकं पांढरं कॅरेज. पुण्यामुंबईची माणसं लांब जाताना लावतात तसलं. आबा त्या दिवशी एका बारशाला गेले होते. मला वाटलं, परत येईपर्यंत बसवून ठेवावं. मी त्यांची सायकल जतला नेली. दुकानदारानं जुनं कॅरेज काढलं. ते काळं, जाड पट्ट्यांचं होतं. सायकल आबांनी तीनदा बदलली होती, पण कॅरेज पहिल्या सायकलचंच पुढं बसवत आले होते. ते मला माहीत होतं. म्हणूनच काढलं. म्हटलं, एवढं जड लोखंड म्हाताऱ्यानं कशाला ओढायचं.

संध्याकाळी आबा आले. सायकलभोवती एक फेरी मारली. बॅगांवर हात ठेवून बघितला. मला वाटलं खूश झाले.

"हितं बॅगा बसल्या," ते म्हणाले. "मग ती कुठं बसंल?"

मी म्हटलं, आबा, आता पुरे. आई बासष्ट वर्षांपूर्वी मेली. जागा तुम्हाला माहीत आहे, आपण जाऊ, बघू, येऊ. एवढंच काम आहे.

तेव्हा त्यांनी सांगितलं. उंबऱ्यावर बसून, चप्पल काढता काढता.

"जागा मला ठावं न्हाई. कवाच ठावं नव्हती. मला त्या वक्ताला शुद्धच नव्हती गं. माती दिली आन् सायकल घेऊन निघालो, कुठनं आलो, कुठं गेलो, कायबी न्हाई. म्होरल्या साली गेलो तर पाणपोईपास्नं सायकल जड झाली. फाट्याला हँडल आपसूक वळायचं. मी पायडल मारत गेलो. एका जागंला सायकल हलकी झाली. बघितलं तर दगड. दर साली तसंच. जड हुती तवर जायाचं. हलकी झाली की उतरायचं."

"आणि मागं वळून कधी बघितलं नाही?"

"एकदा बघितलं. सायकलवर मागं बघितलं की माणूस पडतंय. पडलो. कोपर फुटलं. आन् पडल्यावर काय दिसतंय?"

मला राग आला. सगळा जन्म मला वाटत होतं की हे माणूस सांगत नाही. त्यांना सांगायलाच काही नव्हतं. आणि जे होतं ते मी त्याच दिवशी पान्यानं सोडवायला लावून दुकानात ठेवून आले होते.

सकाळी पहिल्या एसटीनं जतला गेले. दुकानदारानं कॅरेज भंगारात टाकलं होतं आणि भंगारवाल्याचा टेम्पो आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता. भंगारवाल्याचा पत्ता घेतला, गेले. त्याच्या आवारात सायकलच्या लोखंडाचा माझ्या उंचीचा ढीग होता. दुपारपर्यंत उलथापालथ केली. हाताला कापलं. सापडलं नाही. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, कॅरेजसारखं कॅरेज. दुसरं न्या." त्याचं बरोबर होतं. मी तसलंच एक जुनं काळं कॅरेज हुडकून आणलं आणि बॅगा काढून ते बसवलं. बॅगा माझ्या सायकलच्या हँडलला अडकवल्या.

आठ दिवस आबा पाणपोईपाशी थांबले. रोज जास्त वेळ. मी मागं उभी. एकदा त्यांनी हळू आवाजात काहीतरी म्हटलंही; माफी मागितली असावी. मग पायडल मारलं की सायकल हलकी सुळकन् पुढं जायची. त्यांचा चेहरा मी बघत नव्हते. नवव्या दिवशी त्यांनी फाट्यापर्यंत न जाता तिथूनच सायकल वळवली.

"बसंना," म्हणाले. "जागा काढून घेतल्यावर कोण बसंल. रुसली आसंल."

मी म्हटलं, आपण तसंच जाऊ, रस्त्यानं विचारत. म्हातारी माणसं असतील, कुणाला आठवत असेल.

"कुणाला काय इचारणार? बासष्ट वरसांमागं हितं बाई पुरलीया का म्हणून?"

त्यानंतर ते निघेनात. भाकरी अर्धी ठेवायचे. उन्हात बसायचे. दवाखान्यात मी अशी माणसं पुष्कळ बघितली आहेत. त्यांना दुखत काही नसतं, ती नुसती थांबलेली असतात. माझ्या लक्षात आलं की हा माणूस असाच संपला तर आईची जागा त्याच्याबरोबर संपणार. दिवाळीला बारा दिवस राहिले होते.

मग मी ते केलं. पहाटे उठले, आबांना उठवलं नाही. माझी सायकल काढली, हँडलच्या बॅगा उतरवून ठेवल्या. कॅरेजला बांधलेली जुनी चुंबळ सोडली, फडक्यानं पट्ट्या पुसल्या. पाणपोईपाशी जाऊन डावा पाय टेकला आणि सायकल कलती केली. चौसष्ट वर्षांची बाई रिकाम्या रस्त्यावर उभी. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. मी मोठ्यानं काही बोलले नाही. आईशी काय बोलायचं असतं, हे मला ठाऊक नाही. मला सवय आत्तीची.

बराच वेळ काही झालं नाही. एक दुधाची गाडी गेली. मग पाठीमागं माती दबल्यासारखा आवाज आला, बांगड्यांचा अगदी थोडा, आणि सायकल मागं दबली. माझ्या पाठीला, पदर असतो तिथं, कुणीतरी चार बोटं टेकवली. उबदार नव्हती, गारही नव्हती. बोटं आहेत एवढंच कळत होतं. डबलसीट बसणारी बाई धरायला काही नसलं की अशीच टेकवते.

मी वळून बघितलं नाही. आबांचं कोपर आठवलं. फाट्यापर्यंत गेले, तिला परत हद्दीपर्यंत आणलं. तिथं थांबले. सायकल हलकी झाली. मी घरी आले.

आबा दारात उभे होते. मी सायकल भिंतीला लावली आणि सांगितलं, "माझ्या मागं बसली."

त्यांनी माझ्या कॅरेजवर हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "लेकीवर कोण रुसतंय. म्होरं तू हो. मी मागनं येतो."

त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. त्यांच्या तोंडावर कसला आनंद होता ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, जायला मिळतंय म्हणून.

दिवाळी सरली तशी आम्ही निघालो. सगळ्या बॅगा आता आबांच्या कॅरेजला. माझं मोकळं. कवठेमहांकाळ, तासगाव, विटा. फाटा आला की मी हँडल सैल धरायची आणि ते वळेल तिकडं जायची. एका फाट्यावर मोबाईलचा नकाशा सरळ दाखवत होता आणि हँडल डावीकडं गेलं. मी मोबाईल कमरेला खोचला. रात्री देवळात झोपताना सायकल ओसरीला लावायची आणि शेजारी आबांचं घोंगडं पसरून ठेवायचं, हे आबांनी सांगितलेलं. त्यावर आम्ही झोपत नव्हतो. सकाळी ते चुरगळलेलं असायचं. मी झटकून घडी घालायची.

आबा सगळ्या वाटेनं माझ्या मागं होते. पाच-सहा हात अंतर ठेवून. मी म्हणायची, आबा, दमलात, जरा पुढं व्हा, वारा लागेल. ते ऐकत नव्हते. रस्त्यातल्या लोकांनी हाक मारली तरी त्यांचं लक्ष नसायचं. एकदा ते खड्ड्यात गेले, तरी नजर समोरून काढली नाही.

मायणी मागं टाकली, वडूजही. सहाव्या दिवशी सकाळी नव्या सिमेंटच्या रस्त्यावर सायकल एवढी एकाएकी हलकी झाली की पुढचं चाक डगमगलं. मी कशीबशी पाय टेकून थांबले. मागं बघितलं. आबा आधीच उतरले होते. सायकल आडवी टाकून ते रस्त्याच्या कडेला गेले होते.

तिथं दगड नव्हता. बांध नव्हता. रस्त्याचं नवं गटार होतं, पलीकडं आल्याचं रान, त्यात ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या. मी म्हटलं, आबा, हीच का? काहीच खूण राहिली नाही.

"खूण कशाला," आबा म्हणाले. "हितं उतरली, हितनं खाली गेली. आता हुबी हाय की."

मी बघितलं. मला गटार दिसलं आणि आलं दिसलं.

"तुम्हाला दिसती?"

"सा दिस झालं. आयुष्यभर पाठीला हुती, बघाय मिळाली न्हाई. आता तुझ्या मागं बसली, मला सारी वाट दिसली." त्यांनी नाक पुसलं. "लय बारकी हाय गं. तुझ्या लेकीपरास बारकी."

मी विचारलं, माझ्यासारखी दिसते का. आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात म्हातारी मेंढी बघावी तसं.

"तू पार म्हातारी झालीयास. ती न्हाई."

मागून ट्रक जात होते. मी गटाराच्या कडेपर्यंत गेले आणि उभी राहिले. करायचं काय ते मला सुचत नव्हतं. हळदकुंकू बॅगेत होतं, ते आणायला वळले, तर आबांनी माझं कोपर धरलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "उजेडाकडं तोंड कर. बघतीया तुला."

मी डोक्यावरचा पदर मागं घेतला आणि उजेडाकडं तोंड केलं.